९३,६३,५८४ आणि श्रेयाचा हिशेब

‘मुसलमानांनी जगाला काय दिलं’ अशा याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतात. मला त्या हल्ली वाचवत नाहीत. त्यातलं निम्मं खरं असतं आणि निम्मं कुणीतरी चिकटवलेलं. म्हणून आज एकाच संख्येची गोष्ट सांगतो. हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा.

२२० चे विभाजक (ती संख्या सोडून) मिळवले की २८४ येतात. २८४ चे मिळवले, १ + २ + ४ + ७१ + १४२, की पुन्हा २२०. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात. ग्रीकांना एवढी एकच जोडी ठाऊक होती. या जोडीचे ताईतही करत. इब्न खल्दूननं ‘मुकद्दिमा’त त्याची नोंद केली आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रानं अशा जोड्या शोधायचा नियमच सिद्ध केला. तो असा चालतो. २ चा सातवा घात १२८. त्याची तिप्पट वजा १, म्हणजे ३८३. सहाव्या घाताची, ६४ ची, तिप्पट वजा १, म्हणजे १९१. १२८ आणि ६४ च्या गुणाकाराची नऊपट वजा १, म्हणजे ७३,७२७. या तिन्ही मूळ संख्या असल्या तरच जोडी जमते, आणि इथे त्या आहेत. १२८ × १९१ × ३८३ = ९३,६३,५८४. तिची मैत्रीण १२८ × ७३,७२७ = ९४,३७,०५६.

युरोपच्या इतिहासात ही जोडी देकार्तच्या नावावर आहे, साल १६३८. पण इराणचे मुहम्मद बाकिर यझदी यांनीही सतराव्या शतकात तीच जोडी काढली होती. १७,२९६ आणि १८,४१६ ही मधली जोडी फर्मानं १६३६ मध्ये जाहीर केली. ती त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधी कमालुद्दीन फारिसी आणि मराकेशचे इब्न अल-बन्ना यांच्याकडे होती. फारिसींनी तर साबितचा नियम नव्या वाटेनं सिद्ध केला. फर्मा आणि देकार्त यांनी चोरी केली असं मी म्हणत नाही. त्यांनी तो नियम स्वतंत्रपणे शोधला असावा.

आता आपल्या याद्यांना न आवडणारी बाब. साबित मुसलमान नव्हता. तो हर्रानचा, ग्रहताऱ्यांना पूजणाऱ्या साबी पंथाचा. मूसा बंधूंनी त्याला बगदादला आणलं, त्यानं ग्रीक ग्रंथ अरबीत उतरवले, पुढे खलिफाच्या दरबारात मानानं राहिला, आणि धर्म बदलला नाही. यादीत त्याचं नाव घालून ही ओळ गाळणारे त्याच खलिफांचा मोठेपणा लपवतात, असं मला वाटतं.

नियम मात्र फार कंजूस आहे. सातव्याऐवजी तिसरा घात घ्या: शेवटची संख्या २८७ येते, म्हणजे ७ × ४१, आणि जोडी फसते. दुसरा, चौथा आणि सातवा घात जमतात. संगणक आल्यावरही या नियमातून चौथी जोडी अजून निघालेली नाही.