श्रीरंगपट्टणातील मराठी ओव्या

म्हैसुरी पाहुणे आले की आम्ही त्यांना हटकून श्रीरंगपट्टण दाखवावयास नेतो. दर्यादौलत, रंगनाथाचे देऊळ, टिपूची कबर. एवढ्यात दिवस सरतो. परंतु याच बेटाशी मराठी भाषेचा एक उपेक्षित ऋणानुबंध जडलेला आहे.

१७८४ च्या फेब्रुवारीत, इंग्रजांना साह्य केल्याच्या संशयावरून, टिपूने मंगळूर प्रांतातील हजारो कॅथॉलिक स्त्रीपुरुषांना मुलांबाळांसह पकडून येथे आणविले. नेमक्या संख्येविषयी इतिहासकारांत एकमत नाही. त्यांची प्रार्थनामंदिरे पाडली गेली, पाद्री हद्दपार झाले, कित्येक तरुणांना सक्तीने धर्मांतर करवून फौजेत घातले गेले. गुरू नाही, देऊळ नाही. उरले ते घर. ही माणसे घरी कोकणी बोलत. ग्रंथ मात्र मराठी: फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे, १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापलेले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण'. बंदिवासात याच ओव्यांनी धीर दिला, अशी त्या समाजात परंपरा आहे. आम्हांस ती खरी वाटते. ओवी मुखोद्गत असली की पोथी हिरावली तरी ती उरते. आमच्या आज्यांनी तिला जात्यावरच सांभाळले नव्हते काय?

४ मे १७९९ रोजी टिपू पडला आणि पंधरा वर्षांनी वाचलेली कुटुंबे परतू लागली. १९०७ साली क्रिस्तपुराणाची नवी आवृत्ती निघाली, ती पुण्यामुंबईस नव्हे, मंगळुरास. जोसेफ सालढाणा यांनी सिद्ध केलेली. आमच्या मंडळाच्या कपाटात ज्ञानेश्वरी आहे, दासबोध आहे. क्रिस्तपुराण मागितले, तेव्हा ते नसल्याचे कळले.