न्यायवैद्यक मनोविकारशास्त्र आणि वैद्यकीय विद्यार्थी

न्यायवैद्यक मनोविकारशास्त्र ही कायदा आणि मनोविकारशास्त्र यांना जोडणारी वैद्यकीय उपशाखा होय. आरोपीची मानसिक तपासणी, न्यायालयास अहवाल व साक्ष देणे आणि कारागृहातील मनोरुग्णांवर उपचार करणे ही तिची प्रमुख कामे आहेत. भारतात एम.बी.बी.एस.चे फार थोडे विद्यार्थी या शाखेकडे वळतात.

अभ्यासक्रमातील स्थान

एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात हा विषय न्यायवैद्यकशास्त्रातील एक प्रकरण म्हणून येतो. रुग्ण मात्र मनोविकार विभागात भेटतात आणि त्या विषयाची परीक्षा औषधवैद्यकशास्त्राचा भाग म्हणून होते. परिणामी कायद्याची कलमे एका विभागात आणि ती ज्यांना लागू होतात ती माणसे दुसऱ्या विभागात, अशी फारकत होते. न्यायवैद्यक म्हणजे शवविच्छेदन, हा समजही रूढ आहे. न्यायालयातील उलटतपासणीची धास्ती आणि हिंसक रुग्णांविषयीची भीती यांची त्यात भर पडते. विशेष प्रशिक्षणासाठी मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन पुढे बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत जावे लागते.

कायदेशीर चौकट

भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, कलम २२) मनोविकलतेमुळे कृत्याचे स्वरूप किंवा त्यातील गैरपणा समजण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीचे कृत्य अपराध ठरत नाही. आरोपी सध्या बचाव करण्यास सक्षम आहे काय, हा प्रश्न वेगळा. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ ते ३७८ मध्ये येतो. माळशिरसच्या दंडाधिकाऱ्यांपुढे अशी शंका उद्भवल्यास आरोपीची तपासणी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा अन्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडून करवून घ्यावी लागते. तेथून त्यास शासकीय रुग्णालयातील अथवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाकडे पाठवले जाते. असे शासकीय महाविद्यालय जिल्ह्यात सोलापूर येथे आहे.

महाराष्ट्रातील खटले

मुंबईतील हत्यासत्राबद्दल १९६८ मध्ये अटक झालेल्या रमण राघवच्या खटल्यात पोलीस शल्यचिकित्सकाने त्यास मनोविकार नसल्याचे मत दिले, तर बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने छिन्नमनस्कतेचे निदान केले. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाकडून तपासणी करवली. पुढे फाशीऐवजी जन्मठेप झाली. एकाच माणसाविषयी दोन डॉक्टरांची मते इतकी भिन्न असू शकतात, ही बाब विद्यार्थ्यांना या शाखेकडे ओढते तशीच दूरही लोटते.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या हत्येचा आरोप असलेल्या महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायास कलम ८४ चा लाभ दिला. घटनेच्या आधी व नंतर झालेले छिन्नमनस्कतेचे उपचार आणि कुटुंबातील मनोविकाराचा इतिहास हे त्यात निर्णायक ठरले. घटनेपूर्वीच्या नोंदी खटल्यासाठी केलेल्या नव्हत्या; त्या उपचार करणाऱ्यांनी नेहमीच्या कामात केल्या होत्या. त्यामुळे ही शाखा न निवडणाऱ्या डॉक्टराचा केसपेपरही पुढे पुरावा ठरू शकतो.

कारागृहे

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार प्रत्येक राज्यातील किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असणे बंधनकारक आहे. तेथेही मनोविकारतज्ज्ञ लागतातच.