भिंतीवरच्या तसबिरीची पाठ

पळसदरीला रेल्वेला दोन वाटा फुटतात. एक खोपोलीला जाते, ती १८५६ सालची. दुसरी बोरघाट चढून खंडाळ्याला जाते, ती १८६३ मध्ये सुरू झाली. या दुसऱ्या वाटेने लोणावळा मागे टाकले की मळवली हे लहानसे स्टेशन लागते. आपल्याकडच्या छापील तसबिरींच्या इतिहासातले एक मोठे पान या मळवलीत लिहिले गेले आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. यंत्रे जर्मनीची, कारागीरही जर्मन. पुढे मुंबईत प्लेगने कहर केला आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीस हलला. काही वर्षांतच तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला व तेथून तसबिरी देशभर गेल्या. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले चित्र चार आण्यांच्या माणसाच्या भिंतीवर आले ते असे. १९७२ मध्ये त्या कारखान्याला आग लागली आणि बरेच साहित्य जळून गेले. तेव्हापासून लोकांच्या भिंतींवर जे टिकले, त्याचे मोल वाढले.

आपल्या घरांत त्या पौराणिक चित्रांचे काय काम, असे कोणी विचारील. काम त्या दगडाचे आहे. शिळाछापात गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहितात. पाणी फिरवले की कोऱ्या जागी पाणी राहते, लिहिलेल्या जागी शाई धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. शिशाच्या खिळ्यांत नस्तालिक अक्षर कधी नीट बसले नाही. ते उतरते, एकावर एक चढते. दगडाला मात्र कातिबाचा हात जसाच्या तसा उमटवता येतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात मुंबई हे फारसी, अरबी आणि उर्दू शिळाछापाचे मोठे ठाणे झाले. काबा शरीफ, मदिना मुनव्वरा, आयतुल कुर्सीचे तुग्रे असे छापील कागद घराघरांत आले. आणि गंमत पाहा, ‘तसबीर’ हा आपला रोजचा मराठी शब्दही अरबीतून आलेला आहे.

आता ती तसबीर भिंतीवरून उतरवा आणि पाठ पाहा. पुढच्या सोनेरी पट्टीवर आपण हौसेने खर्च करतो. पाठीला मात्र फळकूट, हार्डबोर्ड किंवा जुने वर्तमानपत्र असते! खरा दगा तेथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा कागद होऊ लागला आणि तो घट्ट करायला तुरटी व राळ आली. त्यातून आम्ल उरते. वर्तमानपत्र उन्हात चार दिवस टाकून पाहा, म्हणजे समजेल. हलका पुठ्ठा हे आम्ल शेजारच्या चित्राला देतो. चित्र तपकिरी पडते, कडा बिस्किटासारख्या तुटतात.

त्यात आपला कर्जत-खालापूरचा पावसाळा. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते. कागद पावसात फुगतो, उन्हाळ्यात आखडतो. तो चारी बाजूंनी डकवलेला असेल तर सुरकुततो किंवा फाटतो. काचेला टेकलेला असेल तर ओल धरून काचेलाच चिकटतो. मग सोडवू जाल तर रंग काचेवर राहतो.

म्हणून चौकट करणाऱ्याला तीन-चार गोष्टी ठणकावून सांगा. चित्राला लागणारा माउंट आणि पाठीचा पुठ्ठा आम्लरहित हवा, सुती लगद्याचा असेल तर उत्तम. माउंटची जाडी चित्र व काच यांच्यात अंतर ठेवते, ते हवेच. चित्र फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगावे. सेलोटेप नको, फेव्हिकॉल तर नकोच. मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि चौकट यांच्यात वारा खेळतो. आणि पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तसबीर लावू नका. आतली भिंत निवडा. ऊन थेट पडेल अशी जागाही टाळा, कारण उडालेला रंग परत येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक वेगळी सूचना. पदवीपत्र प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. आम्लामुळे कागद मरतो हे पटवून देणारे अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनीच जुने कागद अॅसिटेटच्या पापुद्र्यांत दाबून ठेवण्याची पद्धत रूढ केली होती. मोठमोठ्या दप्तरखान्यांनी ती उचलली आणि पुढे पस्तावून सोडली. तुमची अडचण तर आणखी साधी आहे: आखातात नोकरीला जाताना पदवीपत्राच्या पाठीवर साक्षांकनाचे शिक्के लागतात, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. मूळ कागद आम्लरहित पाकिटात ठेवा, भिंतीवर त्याची नक्कल लावा.

हे सारे मला उशिरा कळले. आमचे दादा जहाजाने हजला गेले होते. येताना काबा शरीफची एक रंगीत तसबीर आणली. तिच्या पाठीवर पेन्सिलीने त्यांनी जहाजाचे नाव आणि हजचे साल लिहिले होते, असे दादी सांगत असे. वीसेक वर्षांपूर्वी जुनी चौकट वाळवीने खाल्ली, म्हणून मी ती एका कारागिराकडे दिली. त्याने मन लावून काम केले. चित्र सपाट बसावे म्हणून सगळ्या पाठीला सरस लावून हार्डबोर्डवर डकवले. मी शाबासकी देऊन पैसेही दिले. आता चित्राच्या आकाशात हार्डबोर्डचे तपकिरी डाग उतरले आहेत. कागद-संवर्धनाचे काम करणाऱ्या एका जाणकारांना दाखवले. ते म्हणाले, हार्डबोर्ड मागून एकेक थर तासून काढावा लागेल, महिने लागतील, आणि पेन्सिलीचे अक्षर शाबूत निघेलच असे नाही.

तसबीर आता त्यांच्याकडे आहे. निम्मा बोर्ड तासून झाला आहे.