सूर मारणारी माणसं : सॅमी ली ते ग्रेग लुगेनिस

या व्याख्यानमालेत आपण एरवी राजांबद्दल, विचारवंतांबद्दल, चळवळींबद्दल बोलत असतो. आजचा विषय खेळाचा आहे. खेळही असा, की जो आपल्याकडे चार वर्षांतून एकदा, ऑलिंपिकच्या दिवसांत, टीव्हीवर पाच-दहा मिनिटं पाहिला जातो आणि विसरला जातो. डायव्हिंग. मराठीत म्हणायचं तर उंचावरून पाण्यात सूर मारणं. विहिरीच्या काठावर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना सूर आणि मुटका यातला फरक सांगायला नको. मुटका मारताना पाणी जितकं उडेल तितकी मजा. सुरात मात्र पाणी जितकं कमी उडेल तितकं कौशल्य.

आता कोणी विचारेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? काम आहे. या खेळातल्या काही विजेत्यांची आयुष्यं पाहिली, की धैर्य म्हणजे काय, समाजाचं पाणी कोणाचं, आणि स्वतःबद्दलचं सत्य माणसाने कधी व कोणाला सांगायला हवं, हे प्रश्न आपोआप पुढे येतात. ते आम्ही बाहेरून आणत नाही. ते त्या चरित्रांतच आहेत.

आधी थोडा हिशेब करू. सर्वांत उंच मंच दहा मीटरचा, म्हणजे साधारण तीन मजल्यांचा. तिथून नुसतं खाली पडायला सुमारे 1.4 सेकंद लागतात. वर उसळी घेतली तर आणखी थोडा वेळ मिळतो. पाण्याला टेकताना वेग असतो ताशी सुमारे 50 किलोमीटर. एवढ्या वेळात साडेतीन कोलांट्या, मधे गिरक्या, आणि शेवटी शरीर सरळ रेषेत. सध्याच्या वैयक्तिक स्पर्धेत सात पंच गुण देतात. वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढून टाकतात, उरलेल्या तीन गुणांच्या बेरजेला त्या उडीच्या काठिण्यांकाने गुणतात. आता बघा, एखाद्या खेळाडूने अंतिम फेरीत दहा उड्या मारल्या, तरी त्याचा हवेतला सगळा वेळ वीस सेकंदांच्या आतच भरतो. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. आयुष्य आणि त्याचं फळ यांचं इतकं व्यस्त प्रमाण दुसऱ्या फार थोड्या क्षेत्रांत सापडेल.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला 1904 साली, सेंट लुई इथे. स्त्रियांना प्रवेश मिळाला 1912 साली, स्टॉकहोमला. मुळात हे जिम्नॅस्टिक्सचंच भावंड. एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि स्वीडनमधले व्यायामपटू आपल्या कसरती पाण्यावर करू लागले, त्यातून याला आकार आला. इतका इतिहास आज पुरे. आता माणसांकडे वळू.

पहिलं नाव डॉ. सॅमी ली. जन्म 1920, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी, कोरियन आईवडिलांच्या पोटी. पॅसाडेना शहरातल्या ब्रुकसाइड पार्कच्या सार्वजनिक तलावात तेव्हा गोऱ्यांशिवाय इतरांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. बुधवारी. बुधवार संपला की तलावातलं पाणी काढून टाकायचे आणि ताजं भरायचे.

हे वाक्य मराठी माणसाने ऐकलं की त्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. महाड कुठे, पॅसाडेना कुठे! दोन्ही समाजांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, अपमानाचं कारणही वेगळं, एकीकडे जात आणि दुसरीकडे वंश. पण समजूत तीच, की माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं. आणि दोन्ही ठिकाणी ते पाणी सार्वजनिक होतं. विटाळाची कल्पना ही आपलीच खास मालमत्ता आहे, असं जे आपल्याला कधीकधी वाटतं, ते तितकंसं खरं नाही.

बरं, मग या मुलाने उरलेले सहा दिवस काय केलं? त्याच्या प्रशिक्षकाने वाळूचा खड्डा खणला आणि मुलगा वाळूत उड्या मारून शिकला. वाळूत डोकं आधी घालता येत नाही, पायांवरच उतरावं लागतं. त्यामुळे पाय कणखर झाले, उसळी वाढली. पुढे लोक याचं कौतुक करू लागले, की बघा, अडचणीचं कसं सोनं केलं. इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. सोनं केलं हे ली यांचं कर्तृत्व. त्याने अडचण निर्माण करणाऱ्यांचा हिशेब चुकता होत नाही. त्या तलावाच्या फाटकावरून किती मुलं परत गेली आणि पुन्हा कधी आलीच नाहीत, त्यांची नोंद कुठल्याच विक्रमपुस्तकात नसते.

वडिलांची इच्छा होती मुलाने डॉक्टर व्हावं. ली डॉक्टर झाले, कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. 1947 साली वैद्यकीय पदवी आणि 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये दहा मीटर मंचावरून सुवर्णपदक, शिवाय तीन मीटर स्प्रिंगबोर्डवर कांस्य. उंची जेमतेम पाच फूट. चार वर्षांनी हेलसिंकीला पुन्हा तेच सुवर्ण. तारीख होती 1 ऑगस्ट 1952, त्यांचा बत्तिसावा वाढदिवस. मग सैन्यातले डॉक्टर म्हणून ते कोरियात गेले. अमेरिकेतला मानाचा सलिव्हन पुरस्कार मिळाला. आणि 1955 साली, सैन्यातून परतल्यावर, गार्डन ग्रोव्ह नावाच्या उपनगरात घर घ्यायला गेले, तर त्यांना नकार मिळाला. कारण वंश. बातमी वर्तमानपत्रांत गाजली, बरीच आरडाओरड झाली, शेवटी घर मिळालं. पण दोन सुवर्णपदकं आणि एक गणवेश एवढं असूनही भिंतीपलीकडचा शेजारी म्हणून हा माणूस चालत नव्हता, हे इतिहासाने लिहून ठेवलं आहे.

त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये, त्याच आठवड्यात, विकी ड्रेव्ह्ज या बाईंनी स्प्रिंगबोर्ड आणि मंच अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही जिंकणारी ती पहिली स्त्री. वडील फिलिपिनो, आई इंग्रज, माहेरचं नाव व्हिक्टोरिया मनालो. सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवातीला सराव करायचा तर मनालो हे आडनाव चालणार नव्हतं, म्हणून तिला आईचं माहेरचं आडनाव लावावं लागलं, टेलर. उडी तीच, शरीर तेच, फक्त यादीतलं नाव गोरं हवं होतं. आज त्या शहरात व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्ह्ज या पूर्ण नावाने एक उद्यान आहे. मनालो परत आलं, पण त्याला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला.

आता दुसरी पिढी. सॅमी ली पुढे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली एक मुलगा आला, ग्रेग लुगेनिस. जन्म 1960. सामोअन वंशाच्या वडिलांचा, दत्तक गेलेला. बोलताना अडखळायचा, वाचताना अक्षरं उलटसुलट व्हायची, सावळ्या रंगावरून शाळेत मुलं छळायची. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकआधी तो ली यांच्या घरी राहून शिकला आणि सोळाव्या वर्षी मंचावर रौप्य जिंकला. सुवर्ण इटलीच्या क्लाउस दिबिआसीचं, त्याचं सलग तिसरं. 1980 साली अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकला, ती संधी गेली. 1984 साली लॉस एंजेलिसला दोन्ही सुवर्णं, आणि मंचावर 710.91 गुण. सातशेची रेषा ऑलिंपिकमध्ये मंचावर त्याआधी कोणी ओलांडली नव्हती.

आता धैर्याचा प्रश्न घेऊ. ॲरिस्टॉटल म्हणतो, धैर्य हे भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्या मधलं असतं. ज्याला भीतीच वाटत नाही त्याला तो शूर म्हणत नाही. योग्य गोष्टीची, योग्य तितकी भीती वाटूनही जो ठाम राहतो, तो शूर. लुगेनिसला ही भीती पुस्तकातून कळलेली नव्हती. 1979 साली सोव्हिएत जॉर्जियात, तिबिलिसीला, त्याचं डोकं मंचावर आपटून तो बेशुद्ध झाला होता. 1983 साली कॅनडात एडमंटनच्या विद्यापीठ स्पर्धेत सर्गेई चालिबाश्विली हा तरुण उलट साडेतीन कोलांट्यांची उडी मारताना मंचावर आदळला आणि काही दिवसांनी गेला. त्या वेळी लुगेनिस तिथेच होता, मंचाचा हादरा त्याला जाणवला होता. आणि हीच उडी, बरं का, त्याने आपल्या यादीत ठेवली.

1988, सोल. स्प्रिंगबोर्डची प्राथमिक फेरी, नववी उडी. उसळी घेतली, पण फळीपासून पुरेसा दूर गेला नाही. कोलांटीतून उलगडताना डोकं फळीवर आदळलं. जगाने ते पाहिलं. डॉक्टरांनी टाके घातले, साधारण अर्ध्या तासाने तो परत आला आणि त्या फेरीतली सर्वोत्तम गुणांची उडी मारली. दुसऱ्या दिवशी सुवर्ण. मग मंचाची स्पर्धा. शेवटची उडी बाकी असताना चीनचा चौदा वर्षांचा शिओंग नी पुढे होता. लुगेनिसची शेवटची उडी कोणती? तीच, उलट साडेतीन. त्याने ती मारली आणि 1.14 गुणांनी जिंकला.

इथवर ही कथा शौर्याची आहे. पण त्याच वर्षी, सहा महिने आधी, त्याला एचआयव्हीचं निदान झालं होतं. तो औषधं घेत होता. प्रशिक्षकाला माहीत होतं, टाके घालणाऱ्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्यांच्या हातात मोजे नव्हते. लुगेनिसने हे जाहीर केलं 1995 साली. मग वादळ उठलं.

त्याने तेव्हा सांगायला हवं होतं का? तुकडे करून पाहू, म्हणजे घोटाळा होणार नाही. तलावात उतरणाऱ्या इतर खेळाडूंना धोका होता का? जवळजवळ नव्हताच. अफाट पाण्यात काही थेंब, त्यात क्लोरीन. त्यांच्या बाबतीतला आरडाओरडा म्हणजे आपला तो बुधवारच, पाणी बाटल्याची भीती. जगाला सांगणं त्याचं कर्तव्य होतं का? आम्हाला तसं वाटत नाही. त्या काळात हे कळतं तर त्याला कदाचित देशात पाऊलही ठेवू दिलं नसतं. खुद्द अमेरिकेत 1987 पासून एचआयव्हीबाधित परदेशी लोकांना प्रवेशबंदी होती, ती 2010 साली उठली.

पण डॉक्टरांचं काय? तिथे उत्तर वेगळं येतं. धोका लहान असेल, पण तो त्यांच्या हातांना होता, आणि तो घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांचा होता. एक शब्द पुरला असता, मोजे घाला. लुगेनिसने स्वतः पुढे लिहिलं आहे की त्या क्षणी भीतीने त्याची वाचाच गेली होती. त्या डॉक्टरांची चाचणी पुढे निर्दोष निघाली. पण निकाल चांगला लागला म्हणून कृती बरोबर ठरत नाही, हेही तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आपण शिकवतो.

मग या माणसाचं काय करायचं? आमचं मत असं, की एकाच माणसात एका प्रकारचं धैर्य असतं आणि दुसऱ्या प्रकारचं त्या घटकेला नसतं. मंचाच्या टोकावर उभं राहण्याचा त्याला लहानपणापासून सराव होता. स्वतःबद्दलचं सत्य उच्चारण्याचा सराव समाजाने त्याला कधी करूच दिला नव्हता. त्याला सात वर्षं लागली. पुढे तोच माणूस उघडपणे बोलत राहिला, आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकला अमेरिकेच्या तरुण डायव्हरांचा मार्गदर्शक म्हणून गेला. चूक लहान होत नाही. पण ती त्याच्याइतकीच, तोंड उघडायची भीती घालणाऱ्यांच्याही खात्यावर मांडावी लागते.

शेवटी एक गोष्ट मुलांची, कारण आता हा खेळ बहुतांशी मुलांचा झाला आहे. चीनची फू मिंगश्या 1991 साली बाराव्या वर्षी विश्वविजेती झाली. त्यानंतर नियम आला, की त्या वर्षात चौदा पूर्ण होत असतील तरच मोठ्या स्पर्धेत उतरता येईल. 1992 साली बार्सिलोनात ती जिंकली तेव्हा तेराच वर्षांची होती, चौदावा वाढदिवस काही दिवसांवर होता. टोकियोत 2021 साली ग्वांगडोंगमधल्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली चौदा वर्षांची च्युआन हाँगचान 466.20 गुणांनी जिंकली. दोन उड्यांना सातही पंचांनी दहापैकी दहा दिले. जिंकल्यावर ती म्हणाली, आई आजारी आहे, तिच्या उपचारासाठी पैसे मिळवायचे आहेत. लोकांना ते गोड वाटलं. आम्हाला ते ऐकून जरा अस्वस्थ वाटलं. आईच्या औषधासाठी चौदा वर्षांच्या मुलीने तीन मजल्यांवरून डोकं खाली करून झेपावं, यात तिचा मोठेपणा नक्कीच आहे. पण तो भार तिच्या खांद्यावर आला कसा, हा प्रश्न पदकाने मिटत नाही.

पुढच्या ऑलिंपिकला डायव्हिंग लागेल तेव्हा ती दहा मिनिटं जरूर पाहा. कमी पाणी उडालं तर दाद द्या. आणि मंचाच्या टोकाशी खेळाडू क्षणभर स्थिर उभा राहतो ना, तेव्हा एवढं मनात आणा, की हा किंवा ही इथपर्यंत कुठल्या जिन्याने आली असेल, आणि खालच्या पायरीवरून कोणाकोणाला परत पाठवलं गेलं असेल. आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.