प्रलयानंतरचा आखाडा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९८३ साली दोन धिप्पाड तरुण जोडीने व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरले. एक हॉक, दुसरा अ‍ॅनिमल. दोघेही आधी मिनियापोलिसमध्ये बाउन्सरचं काम करायचे. जोडीचं नाव ठेवलं गेलं ‘रोड वॉरियर्स’, आणि ते थेट सिनेमावरून उचललेलं होतं. जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा ‘मॅड मॅक्स’ मालिकेतला दुसरा चित्रपट १९८१ मध्ये आला. अमेरिकेत तो ‘द रोड वॉरियर’ या नावाने लागला. जग मोडून पडलंय, कायदा संपलाय आणि उरलीसुरली माणसं पेट्रोलसाठी एकमेकांच्या जिवावर उठली आहेत, असा त्याचा मामला. हॉक आणि अ‍ॅनिमल यांनी त्यातल्या पात्रांचाच वेश आणखी भडक केला: रंगवलेले चेहरे, पट्टे ठेवून भादरलेली डोकी, खांद्यांवर अणकुचीदार खिळ्यांची कवचं. त्यांच्या गटाचं नाव ‘लीजन ऑफ डूम’ आणि हुकमी डावाचं नाव ‘डूम्सडे डिव्हाइस’. अ‍ॅनिमलने प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर उचलून धरायचं आणि हॉकने वरच्या दोरावरून झेप घेत हाताच्या फटक्याने त्याला खाली पाडायचं, असा तो डाव.

या दोन्ही नावांतला ‘डूम’ मला फार मोलाचा वाटतो. आज त्याचा अर्थ सर्वनाश. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचं रूप ‘दोम’ होतं आणि अर्थ होता कायदा, निवाडा. ‘डूम्सडे’ म्हणजे निवाड्याचा दिवस. इंग्लंडचा राजा विल्यम याने १०८६ साली देशभरातल्या जमीनजुमल्याची जी नोंद करवली, तिला लोक पुढे ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले, कारण तिच्यात जे लिहिलं त्यावर अपील नाही. कायद्यापासून निवाडा, निवाड्यापासून शिक्षा, शिक्षेपासून अटळ दैव आणि तिथून नाश, अशी या शब्दाची घसरण झाली. आणि याचं मूळ थेट आपल्या घरात पोचतं. ‘दोम’ ज्या धातूपासून आला, तोच संस्कृतातला ‘धा’, म्हणजे ठेवणं, घालून देणं. त्याला ‘वि’ लागून ‘विधी’ झाला, ‘विधान’ झालं. विधी म्हणजे कायदा. विधी म्हणजे नशीबही. ‘विधिलिखित’ म्हणताना आपण इंग्रजांनी ‘डूम’मध्ये केला तोच प्रवास करतो, फक्त नाशाच्या एक मुक्काम अलीकडे थांबतो. दोन भाषा, एकमेकींचं न ऐकता, कायद्यापासून दैवापर्यंत चालत गेल्या. मला हे भाषेच्या इतिहासातलं मोठं नवल वाटतं.

मालिकेतला तिसरा चित्रपट १९८५ चा, ‘मॅड मॅक्स बियाँड थंडरडोम’. या ‘डोम’चा ‘डूम’शी काही संबंध नाही. तो लॅटिन ‘दोमुस’वरून आला, म्हणजे घर. याचाही भाऊबंद संस्कृतात आहे: ‘दम’ म्हणजे घर, आणि त्या घराचा धनी तो ‘दंपती’. नवराबायकोची जोडी हा अर्थ त्याच शब्दाच्या द्विवचनातून आला. गंमत नव्हे, पुरावाच म्हणा, की आपला ‘आखाडा’ही घराच्याच वळणाचा आहे. कोशकार तो संस्कृत ‘अक्षवाट’पर्यंत नेतात. यातला ‘वाट’ म्हणजे रस्ता नव्हे, कुंपण घातलेली जागा; त्याचाच पुढे ‘वाडा’ झाला, ‘वाडी’ झाली. म्हणजे कुस्तीच्या जागेला नाव देताना लोकांच्या मनात आधी मारामारी नाही, कुंपण आलं. आतलं आणि बाहेरचं वेगळं करणारी रेघ आली.

चित्रपटातला थंडरडोम हा लोखंडी जाळीचा घुमट. जाळीला लटकलेले लोक आत बघतायत. आत गेलेल्या दोघांपैकी एकानेच जिवंत बाहेर यायचं, हा नियम. वस्तीची राज्यकर्ती आँटी (ही भूमिका टीना टर्नरने केली) नायक मॅक्सशी गुपचूप सौदा करते: अवाढव्य ब्लास्टरशी भांडण उकर, त्याला आखाड्यात ओढ आणि संपव. जनतेला वाटतं तंटा खरा आहे. पण झुंजीत ब्लास्टरचं शिरस्त्राण निघतं, आतला निरागस चेहरा दिसतो, आणि मॅक्सचा हात थांबतो. हे सौद्यात नव्हतं, असं तो सगळ्यांसमोर बोलून जातो. पडदा फाटतो.

अशा जगबुडीला इंग्रजीत म्हणतात त्या ‘अ‍ॅपोकॅलिप्स’ या शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच. ग्रीकमध्ये ‘अपो’ म्हणजे दूर आणि ‘कालुप्तो’ म्हणजे झाकणं. झाकण दूर करणं, उघड करणं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं ते नाव. मराठी बायबलने त्याला ‘प्रकटीकरण’ म्हटलं ते अगदी चोख. जगबुडीचा अर्थ नंतर चिकटला, कारण त्या पुस्तकात जे प्रकट होतं ते भयंकर आहे. आपला ‘प्रलय’ वेगळ्या कुळातला: त्यात ‘ली’ धातू, विरून जाणं, लय पावणं. प्रलयात उघडं पडायला काही उरतच नाही.

व्यावसायिक कुस्तीवाल्यांचा शब्द मात्र झाकण्याचाच आहे: ‘केफेब’. झुंज ठरवून केलेली आहे हे बाहेर कळू न देणं, रस्त्यात भेटलं तरी वैऱ्यासारखं वागणं, हा केफेब. ‘फेक’ या शब्दाची अक्षरं उलटीसुलटी करून फिरत्या जत्रांतल्या लोकांनी तो घडवला, असं सांगतात. लेखी पुरावा नाही. १९८९ मध्ये ही कुस्ती चालवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सी राज्यापुढे कबूल केलं की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. क्रीडा आयोगाच्या नियमांतून सुटका हवी होती म्हणून. झाकण उघडलं, आणि तरी लोक येत राहिले.

अशा ठरवून केलेल्या झुंजीला मराठीत कोणता शब्द वापरावा? वर्तमानपत्रं ‘नुरा कुस्ती’ लिहितात. तो मला पटत नाही. नुरा कुस्तीत बघणाऱ्याची फसवणूक असते, म्हणूनच तो राजकारणात इतका चालतो. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: लुटूपुटूची लढाई. पोरं लुटूपुटूचं लढतात तेव्हा कोणी कोणाला फसवत नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे जीव तोडून लढतात. पडतात, खरचटतं, रडतातही. हॉक आणि अ‍ॅनिमल यांचे फटकेही प्रतिस्पर्ध्यांना खरोखर लागायचे.

केफेब कुस्तीगिरांनी आपापसात पाळायचा; लुटूपुटूत बघणाराही भागीदार असतो. २०२० मध्ये महासाथीने स्टेडियमं ओस पडली, तेव्हा त्याच कंपनीने, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, ऑगस्टमध्ये ऑरलँडोच्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये रिंगणाभोवती पडद्यांच्या भिंती उभारल्या, आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांचे हलते चेहरे त्यांवर दाखवले. त्या रचनेचं नाव ठेवलं ‘थंडरडोम’. नियमित कार्यक्रमांना खरी माणसं पुन्हा आली ती जुलै २०२१ मध्ये, ह्यूस्टनमध्ये.