दोष आणि दस्तऐवज
विभागाच्या स्थलांतरात जुना रेकॉर्ड प्लेअर हलला आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरांखाली घरघर सुरू झाली. यंत्र मोडीत काढण्याचे जवळजवळ ठरले होते. शोध घेता आढळले, की अर्थिंगची तार निखळली होती. ती जोडताच विजेच्या ५० हर्ट्झची घरघर थांबली. खरखर मात्र उरली. ती यंत्राची नव्हतीच. १९०२ साली गाइसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हाही तबकड्या लाखेच्याच असत. पोलादी सुई घासून खाचेत नीट बसावी, म्हणून लाखेत दगडाची पूड मिसळत. ही खरखर त्या पुडीची. पाठचिकित्सा करताना आम्ही हेच विसरतो: लेखनिकाचा प्रमाद आणि काळाची खूण एकाच फडक्याने पुसायची नसते.