आबाजींची फियाट आणि पहिली गाडी

परवा शनिवारी सकाळी साडेसातला (म्हणजे आम्हा आयटीवाल्यांच्या मध्यरात्री) गोंदियाहून मामाजींचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी नाहीत, एकदम मुद्द्यावर. "तू इंजिनिअर आहेस ना बाबू, मग सांग एकदाचं. पोरगा अठराचा होऊन राहिला. त्याले आबाजीची फियाट देऊ का नको?"

आता मी पडलो कॉम्प्युटरवाला. आयुष्यात पान्हा धरला असेल तो सायकलची चेन बसवायला. पण आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. मिक्सर बिघडला, टीव्ही गेला, की "तो इंजिनिअर आहे ना!" त्यामुळे बाकी नातेवाईकांसमोर अब्रू राखायची तर उत्तर देणं भाग होतं. मागून मामींचा आवाज येत होता, "मले तर भेवच लागते त्या गाडीचं." आणि त्याच्याही मागून मामेभावाचा, "दादा, तू हो म्हण फक्त!"

मी म्हटलं, एक आठवडा द्या. या आठवड्यात ऑफिसचं काम सोडून बाकी सगळा वेळ या एका प्रश्नात गेला. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहितोय.

गाडीची ओळख करून देतो. प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, पांढरी. आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील, भाताच्या धंद्यातले. गोंदिया म्हणजे राईस मिलांचं गाव, त्यामुळे हे ओघानंच आलं. गाडीला अजून जुना तीन अक्षरी नंबर आहे. आजची एमएच वाली पद्धत १९८९ मध्ये आली, आणि गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला. म्हणजे गाडी घेतली तेव्हा आमचं गाव भंडारा जिल्ह्यात होतं. जिल्हा बदलला, नंबरची पद्धत बदलली, आबाजी गेले, पण गाडी तिथेच आहे, मिलच्या मागच्या शेडमध्ये, पोत्यांच्या शेजारी. नाव पद्मिनी असलं तरी घरात तिला कोणी कधी पद्मिनी म्हटलं नाही. ती फियाटच.

मामाजींचं म्हणणं तीन वाक्यांचं. एक, गाडी घरची आहे, पैसे लागत नाहीत. दोन, "लोखंड आहे लोखंड, आजकालच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डब्बे." तीन, "आम्ही सारे यावरच शिकलो, कोणाले काय झालं?"

वरवर पाहता तिन्ही बरोबर वाटतात. पण आठवडाभर खोदकाम केल्यावर माझं मत असं झालं की तिन्ही चुकीचे आहेत, आणि त्याचं कारण मोटारीपेक्षा आपल्या इतिहासात जास्त आहे.

सुरुवात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यापासून. जहाजाची कंपनी काढणारा, विमानाचा कारखाना काढणारा हा माणूस मोटारीच्याही मागे लागला आणि १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याला कारखाना. आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ, मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार. गाडी बनवायची ती हळूहळू इथलेच सुटे भाग वापरून, असं सरकारचं धोरण होतं. ते न पटल्यामुळे जनरल मोटर्स आणि फोर्ड पन्नासच्या दशकात इथून निघून गेले. मग उरले मुख्यतः तीन घरचे कारखाने: कलकत्त्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत प्रीमियर आणि मद्रासला स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या ते लायसन्सवर ठरायचं. स्पर्धा नाही, गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत. मग नवीन मॉडेल काढण्याची गरज कोणाला वाटेल?

आणि इथेच गंमत आहे. आमची पद्मिनी ज्या गाडीवर बेतलेली आहे ती फियाट ११०० डी इटलीत आली १९६२ मध्ये. तिकडे १९६६ मध्ये तिची जागा पुढच्या मॉडेलने घेतली, आणि १९६९ पर्यंत ११०० चं घराणंच संपलं. आपल्याकडे १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं आणि ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. अँबॅसडरचंही तेच, १९५६ च्या मॉरिस ऑक्सफर्डचं डिझाईन २०१४ पर्यंत. म्हणजे आबाजींनी १९८६ मध्ये शोरूममधून कोरी करकरीत आणली ती गाडी त्या दिवशीच चोवीस वर्षांची होती! आरसी बुकात १९८६ आहे, पण तिचं डोकं १९६२ चं आहे. (आमच्या ऑफिसात अशी एक सिस्टिम आहे. सर्व्हर नवा, आतला कोड कोणाच्या तरी बाबांच्या वयाचा.)

मग १९६२ चं डोकं म्हणजे नेमकं काय? १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ते दाबायला इंजिनाची मदत नाही, जेवढा जोर तुमच्या पायात तेवढाच ब्रेक. सकाळी चोक ओढायचा. आमच्या गाडीत सीटबेल्ट नाहीत. एअरबॅग, एबीएस हे शब्दच नाहीत. यात कारखान्याला शिव्या देण्यासारखं काही नाही, त्या काळातल्या बहुतेक गाड्या अशाच होत्या.

पण जग त्याच सुमाराला बदलत होतं. १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिन या इंजिनिअरने तीन ठिकाणी बांधणारा सीटबेल्ट दिला, तोच जो आपण आज लावतो. त्याच वर्षी बेला बारेन्यी यांच्या कल्पनेवरची मर्सिडीज आली, जिचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळण्यासाठी केलेला होता आणि मधला, माणसांचा, मजबूत. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं पुस्तक आलं आणि १९६६ मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या सुरक्षेचा कायदा केला. म्हणजे अपघातात माणूस कसा वाचवायचा हे जग शिकत होतं नेमकं त्याच काळात आपल्या गाड्या लायसन्स राजच्या बरणीत लोणच्यासारख्या मुरत ठेवल्या होत्या.

आता मामाजींचं "लोखंड आहे लोखंड". हा समज फक्त गोंदियाचा नाही, जगभरचा आहे. म्हणूनच २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या हायवे सेफ्टी संस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त एक प्रयोग केला. १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मॅलिबू, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर आणल्या, अर्धी बाजू अर्ध्या बाजूवर. बेल एअर म्हणजे चांगली लांबरुंद, क्रोम चढवलेली, "लोखंड". निकाल? बेल एअरमध्ये माणसांची बसायची जागाच कोसळली, स्टिअरिंग आत घुसलं, चालवणारा वाचला नसता. मॅलिबूच्या चालकाला पायाला किरकोळ दुखापत झाली असती. व्हिडिओ इंटरनेटवर आहे, मामाजींना पाठवला. त्यांनी तो तीनदा पाहिला असं मामी म्हणाल्या.

यामागचं गणित बारावीचं आहे. ताशी ६० च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून, चौथ्या मजल्यावरून म्हणा ना, पडण्यासारखं. हा वेग शून्यावर यायला शरीराला १० सेंटीमीटर मिळाले की ६० सेंटीमीटर, यावर सगळं ठरतं. अंतर सहापट झालं की सरासरी मार सहापट कमी. नवी गाडी चुरगळते, पट्टा थोडा सैल सोडतो, एअरबॅग दबते, आणि हे सेंटीमीटर तुम्हाला मिळतात. जुनी गाडी हे सेंटीमीटर देत नाही. बरं, पद्मिनी फार वजनदार आहे असंही नाही, नऊशे किलोच्या आसपास भरते. आजच्या कित्येक "डब्ब्यांचं" वजनही तेवढंच किंवा जास्तच आहे.

तिसरा मुद्दा, "आम्ही सारे यावरच शिकलो". हा सगळ्यात अवघड, कारण त्या "आम्ही" मध्ये मीही आहे.

२०१५ चा पावसाळा. मला लायसन्स मिळून महिनाही झाला नव्हता. आबाजींकडून किल्ली घेतली आणि कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागलो. गोरेगावच्या पुढे रस्त्यावर पाणी होतं, त्यातून जोरात गाडी काढली, मजा आली. ओला झालेला ड्रम ब्रेक थोडा वेळ धरत नाही, अशा वेळी हळू जात ब्रेक किंचित दाबून आधी वाळवायचा असतो, हे आबाजींनी दहा वेळा सांगितलं होतं. मी विसरलो. पुढच्या वळणावर गाय आली, ब्रेक मारला, गाडी एका बाजूला ओढली गेली आणि मी थेट धानाच्या बांधीत. रोवणी नुकतीच झालेली, चिखल गुडघाभर, त्यामुळे गाडी मऊ थांबली. कपाळ स्टिअरिंगला लागलं, दोन टाके. ज्यांची बांधी होती त्या काकांनी ट्रॅक्टर आणून गाडी काढली, रोवणी वाया गेली म्हणून एक शब्द बोलले नाहीत, उलट चहा पाजला. आबाजींनी दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे दिले.

चूक शंभर टक्के माझी. पण बांधीऐवजी सागाचं झाड असतं तर? घरातली ती "कोणाले काय झालं?" वाली यादी जिवंत लोकांनीच केलेली असते. जे वाचले नाहीत ते जेवणाच्या पंगतीत आपली बाजू मांडायला येत नाहीत.

आणि हाच माझा मुद्दा. जुनी गाडी उत्तम गुरुजी आहे. क्लच कसा सोडायचा, इंजिनाचा आवाज ऐकून गिअर कधी बदलायचा, पाणी-ऑइल रोज का बघायचं, पुढच्या गाडीपासून अंतर का ठेवायचं, हे फियाटने मला शिकवलं ते कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलने शिकवलं नसतं. पण हे गुरुजी जुन्या पद्धतीचे आहेत. शिकवतात, पण माफ करत नाहीत. आणि अठरा-एकोणीसच्या वयात माणसाला शिकवण्याइतकीच माफीचीही गरज असते, कारण चुका त्याच वयात होतात. नव्या गाडीत १९६२ पासून आजपर्यंतचा जो काही फरक आहे, तो बराचसा हा माफीचा फरक आहे.

कायदाही थोडा बघून घेतला. आपल्याकडे मोटारीचं शिकाऊ लायसन्ससुद्धा अठराच्या आत मिळत नाही. आणि १ सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "मिलच्या गेटपासून बसस्टँडपर्यंतच तर जातो" हे वाक्य गोंदियात फार ऐकू येतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

"पैसे लागत नाहीत" हेही खरं नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस करून रजिस्ट्रेशन वाढवायचं. त्याची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५००० झाली, आणि वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांची त्यानंतर आणखी वाढली. वर हरित कर. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पॅकिंग खातं. (हे इथेनॉल तांदळाच्या कणीपासूनही बनतं. म्हणजे मिलमधलीच कणी शेडमधल्या फियाटच्या पोटात दुखवणार!) फियाट ओळखणारे मिस्त्री साठीपुढे गेलेत ते वेगळंच.

तर काल मामाजींना उत्तर दिलं. पोराला पहिली गाडी २०२२ नंतर बनलेली, सेकंडहँड का असेना, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली छोटी गाडी घ्या. त्या वर्षापासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत. फियाट विकू नका. पुढच्या सीटना पट्टे बसवून घ्या, आणि लायसन्स आल्यावर रविवारी सकाळी मामाजी शेजारी बसून त्याला मोकळ्या जागेत शिकवतील. तोपर्यंत त्याने मिस्त्रींच्या हाताखाली कार्बोरेटर उघडायला शिकावं.

मामी खूश. मामाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आबाजीने तुले किल्ली दिली होती, त्या दिवशी रात्रभर जेवले नाही ते." हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

मामेभाऊ अर्थातच रुसलाय. रात्री फक्त एक मेसेज आला: "मग ती माझी कधी होणार?" मी सांगितलं, २०३६ मध्ये ती पन्नाशीची होईल. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, दहा वर्षांसाठी, व्हीए अक्षरांच्या खास नंबरप्लेटवर. ती रोज रस्त्यावर चालवायची नसते, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. तेव्हा तू माझ्या आजच्या वयाचा असशील. आपण दोघं घेऊन जाऊ.

अजून उत्तर आलं नाही. पण आज सकाळी मामींनी फोटो पाठवला. साहेब शेडमध्ये बॉनेट उघडून आत डोकं घालून बसलेत, कोपरापर्यंत ग्रीस.